बेन्नेकॉमचे आजी-आजोबा आणि फैजपूरचा स्टँड

मा. संपादक,
स. न.

बारावीचा निकाल लागला की परदेशी शिक्षणाच्या पुरवण्या येतात. कर्ज, व्हिसा, आयईएलटीएस, सगळं त्यात असतं. तिकडे अडल्यानडल्याला कोण उभं राहतं, हे मात्र कुणी लिहीत नाही. गावात तर छातीठोक सांगतात, तिकडची माणसं कोरडी, शेजारी मेला तरी दार उघडायची नाहीत. मी नेदरलँड्समध्ये वाखेनिंगन विद्यापीठात शिकून आले. केळीच्या पनामा रोगावर तिथं मोठं काम चालतं आणि आमचं घर केळीवरच चालतं, म्हणून गेले होते.

वाखेनिंगन गावाला रेल्वे स्टेशन नाही. एडेला उतरायचं आणि पुढं बस. जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री उतरले, तर बर्फामुळे बस बंद. थंडीनं मोबाइलही बंद पडलेला. कॉलेजात शिकणाऱ्या नातीला घ्यायला आलेले एक आजी-आजोबा गाडीची काच खरवडत होते. आजीनं आपणहून विचारलं, कुठं जायचंय? मी सांगितलं. आजोबा म्हणाले, आज नाही, पुढं उताराला गाडी घसरेल. आम्ही उताराच्या अलीकडे, बेन्नेकॉमला राहतो, सकाळी बस सुरू झाली की जा. आग्रह नाही, गोड बोलणं नाही, सरळ हिशेब. नात सोबत होती म्हणून मीही धीर केला.

घरी वाटाण्याचं दाट सूप होतं, त्यात डुकराचं मांस. मी शाकाहारी म्हटल्यावर आजीनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ब्रेड-चीज पुढं केलं. कॉफीबरोबर प्रत्येकी एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद! डचांच्या या डब्याबद्दल ऐकून होते, ते खरं निघालं. पण त्याच घरात अनोळखी पोरीसाठी नातीच्या खोलीत गादी पडली होती.

टेबलावर इक्वेडोरचं स्टिकर लावलेली केळी होती. मी म्हटलं, आमच्याकडचं ग्रँड नैन केळंही याच कॅव्हेंडिश जातीतलं. आजोबांनी जुना जाडजूड अॅटलास काढला. तापी सापडली, भुसावळ सापडलं, जंक्शन पडलं ना! सावदा काही सापडेना, तिथं मी पेन्सिलीनं टिंब काढून दिलं. मग रेल्वेच्या वॅगनमधून केळी दिल्लीला जाते कशी, वाटेत पिकत कशी नाही, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. वडील कमावतात किती, लग्न कधी, तुम्ही कुणातले, यातलं एक अक्षर नाही.

हे पत्र लिहिते आहे ते या न विचारलेल्या प्रश्नांमुळे. फैजपूरला कॉलेजं आहेत. सातपुड्यातल्या पाड्यांवरून मुलंमुली प्रवेशाला येतात, आणि एसटी उशिरा पोचली की स्टँडवरच अडकतात. गेल्या पावसाळ्यात धडगावकडची एक मुलगी अशीच पिशवी पोटाशी धरून बसलेली पाहिली. ठरलेल्या खोलीच्या मालकिणीनं आडनाव ऐकून ‘खोली गेली’ म्हणून सांगितलं होतं. आम्ही केळीवाले पाहुण्याला भरीत-पुरीवर भरीत-पुरी वाढतो, डबा कधी बंद करत नाही. पण पाहुणा कोण, हे ताट वाढण्याआधी ठरलेलं असतं.

आपल्या वर्तमानपत्राला एक विनंती. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात, तेव्हा जिल्हा पानावर एक चौकट द्या. एखाद्या रात्रीपुरती बाहेरगावच्या विद्यार्थ्याची सोय करायला जी घरं तयार असतील, त्यांची नावं मागवा. ती कॉलेजांकडून आणि पोलिसांकडून तपासून घ्या आणि यादी एसटीच्या चौकशी खिडकीवर ठेवा. मुलींसाठी, घरात बाई असेल तीच घरं. यादीत आमचं घर धरा. फैजपूरहून सावदा जवळच आहे, मी स्वतः न्यायला येईन. आणि रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल. शेतीची लाईट बरेचदा रात्रीची असते, केळीला पाणी द्यायला घरातलं कुणी ना कुणी जागं असतंच.

– एक वाचक, सावदा (ता. रावेर, जि. जळगाव)