हात आणि चेहरा यांच्यामधले अंतर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर बोलताना साथीच्या काळजीपोटी दहा मिनिटांत मी तुला चार वेळा 'चेहऱ्याला हात लावू नकोस' असे बजावले आणि चौथ्या वेळी तू गप्पच झालास. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी वाचायला बसताना मी जवळ कागद-पेन्सिल घेतली आणि हात चेहऱ्याकडे गेला की एक रेघ ओढायची, असे ठरवले. तासाभरात सतरा रेघा झाल्या, आणि त्याही फक्त मला जाणवलेल्या स्पर्शांच्या. तुला रागावण्याआधी मी हे करून पाहायला हवे होते.

सिडनीतील संशोधकांनी व्याख्यानाला बसलेल्या २६ वैद्यकीय विद्यार्थ्यांचे चित्रीकरण करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. त्यांनुसार विद्यार्थ्यांचा हात तासाला सरासरी २३ वेळा चेहऱ्याला लागत होता आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के वेळा तो डोळे, नाक किंवा तोंड यांना लागत होता. डॉक्टर होऊ घातलेल्यांचे असे होते, तर तुझ्याकडून केवळ निश्चयाच्या बळावर याहून अधिक अपेक्षा धरणे मला अन्यायाचे वाटते. जर्मनीतील लाइपझिग येथे २०१४ मध्ये मेंदूतील विद्युत-लहरींची नोंद घेऊन झालेल्या अभ्यासातून असे दिसले की, लक्ष विचलित होत असताना नकळत होणारा असा स्पर्श मन सावरण्याशी आणि लक्ष टिकवण्याशी जोडलेला असावा. साथीच्या बातम्यांनी मन धास्तावलेले असते, नेमका त्याच काळात हात अधिक वेळा वर जात असेल, तर त्यात नवल नाही.

तरीही मी हा विषय सोडत नाही, कारण धोका खरा आहे. अखंड त्वचा बहुतेक विषाणूंना आत शिरू देत नाही. डोळे, नाक आणि तोंड यांचे ओले, नाजूक अस्तर मात्र त्यांना वाट देते. डोळ्यांतले पाणी अश्रुनलिकेतून नाकात उतरते, त्यामुळे सर्दीचे विषाणू लागलेल्या बोटाने डोळा चोळला तरी ते नाकापर्यंत पोहोचू शकतात. अर्थात साथ हवेतून पसरणारी असेल, तर केवळ हात आवरून भागत नाही. मास्क आणि खोलीत खेळती हवा यांची गरज राहतेच.

मग करायचे काय? नॅथन ॲझरिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये नखे खाण्यासारख्या सवयींसाठी एक पद्धत मांडली होती आणि तिच्यातला विचार मला फार पटतो. सवय केव्हा उफाळते हे आधी ओळखायचे आणि त्या क्षणी हातांना असे दुसरे काम द्यायचे की दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येऊ नयेत. तू विचारात पडलास की हनुवटी हातावर टेकवतोस, आणि वाचून थकलास की डोळे चोळतोस. या दोन वेळा ध्यानात ठेव आणि त्या वेळी बोटे एकमेकांत गुंफून मांडीवर ठेव. खाज फारच सुटली, तर ती सहन करत बसू नकोस. स्वच्छ कागदी रुमालाने खाजव आणि तो लगेच टाकून दे. केस कपाळावर येत असतील तर कापून घे. चष्मा घसरत असेल तर त्याच्या काड्या घट्ट करून घे, कारण तो वर सरकवण्याच्या निमित्तानेही हात डोळ्यांजवळ जातो. मास्क सारखा करायचा झाल्यास समोरून न धरता कानामागच्या दोऱ्यांनी धर.

एवढे करूनही हात जाईलच. म्हणून माझा खरा आग्रह हात स्वच्छ ठेवण्याचा आहे: बाहेरून आल्यावर, शिंकल्यावर, खाण्यापूर्वी साबणाने निदान २० सेकंद, अंगठे आणि नखांखालची जागा न विसरता. स्वच्छ हात चुकून नाकाला लागला, तर त्याची धास्ती घेऊ नकोस.

यापुढे कॉलवर तुझा हात गालाकडे गेलेला दिसला, तर मी बोलणार नाही. फक्त माझी गुंफलेली बोटे वर करून दाखवीन. माझा हात गेलेला दिसला, तर तूही तसेच कर.

तुझी,
आई