अर्धी वाक्यं मराठीतलीच होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सीमाभागात पोर अभ्यासात मागं पडलं की एक उत्तर तयारच असतं: "भाषेचा घोळ आहे." घरी मराठी, वर्गात कन्नड किंवा इंग्रजी, मग होणारच, म्हणून विषय मिटतो. खानापूर तालुक्यात सत्तावीस वर्षं शिकवताना कितीतरी पालकांना मी हेच सांगितलं. एका मुलीच्या बाबतीत ते चुकलं आणि ती चूक मला अजून छळते, म्हणून हे पत्र.

चौथीपर्यंत ती आमच्याकडे मराठीत शिकली. शांत पोर, कधी कुणाची खोडी काढली नाही. फळ्यावरचं वाक्य निम्मं उतरवायची आणि पेन्सिल तिथंच थांबायची. वहीत पानोपान अशी अर्धी वाक्यं. महिन्यातून दोनदा कंपासपेटी हरवायची. आईनं तेल आणायला पाठवलं, तर ही बाटली कठड्यावर ठेवून मलप्रभेच्या पुलावर मासे बघत उभी! पाचवीत इंग्रजी शाळेत गेली, नापास होऊ लागली आणि सगळ्यांनी भाषेवर खापर फोडलं. मीसुद्धा. ती अर्धी वाक्यं मराठीतली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. नववीत असताना धारवाडच्या डॉक्टरांनी निदान केलं, एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार.

एडीएचडी म्हटलं की बाकावर उड्या मारणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. पण नुसतं अवधान न टिकण्याचाही एक प्रकार असतो. त्यातली मुलं, विशेषतः मुली, कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाहीत. लाडामुळं किंवा धाक कमी पडल्यामुळं हे होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

निदानासाठी डॉक्टर जे निकष बघतात, त्यातला शेवटचा आपल्या भागाला फार उपयोगी आहे. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि दोन किंवा अधिक ठिकाणी दिसायला हवीत. पोर कन्नडच्या तासाला हरवतं, पण आजीची गोष्ट शेवटपर्यंत ऐकतं, निरोप नीट पोचवतं, तर अडचण भाषेची असू शकते. पण मराठीतला निरोपही वाटेत विसरत असेल, शाळेत आणि घरी तीच तऱ्हा असेल, तर थांबू नये. आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत, ऐकू कमी येणारं मूलही असंच वाटतं. लहान मुलांसाठी आधी पालकांना प्रशिक्षण देतात. औषध लागेल की नाही, ते डॉक्टर ठरवतात.

2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत एडीएचडीचा समावेश आहे. हे पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत येतं. वजन-उंची घेतली जाते, दात बघितले जातात. लक्षाबद्दल मात्र पोराच्या आईला विचारावं लागतं आणि तिथंच घोडं अडतं. एकदा माझ्यासमोर एका आईला कन्नडमध्ये प्रश्न विचारले. तिनं प्रत्येकाला "हौदु" (हो) म्हणून मान हलवली. बाहेर आल्यावर मला विचारते, "बाई, काय म्हणत होते ओ ते?"

खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या मराठी गावांत हे प्रश्न मराठीतून विचारले जावेत, एवढी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती. मुख्याध्यापकांनीही तपासणीच्या दिवशी वर्गशिक्षिकेला पथकाजवळ बसवावं, सोबत मुलांच्या वह्या द्याव्यात. ज्या आईबापांना आजच कुणाशी तरी बोलायचं आहे, त्यांनी 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, मोफत क्रमांकावर फोन करावा. तिथं मराठीतूनही बोलता येतं.

ती मुलगी आता अकरावीत आहे. परवा घरी आली तेव्हा आठवड्याची कामं लिहिलेला कागद दाखवला. प्रत्येक ओळ पुरी होती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. खानापूर, जि. बेळगाव