वाट कागदावर आखून देणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

स. न. वि. वि.

जंगलातल्या खडकाळ वाटेवर एक दिवस चालायचं तर तयारी कशी करावी, याचा जो पाठपोट कागद तुम्ही आमच्या गटाला लिहून दिलात, त्याबद्दल हे आभाराचं पत्र. जाहीर लिहितोय, कारण अशा वाटेला लागणाऱ्या कुणालाही त्या कागदाचा उपयोग होईल.

पहिले आभार वेळेच्या हिशोबाचे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम तुम्ही धरलात: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटर आणि ६०० मीटर चढाला ३ तास २४ मिनिटं. पण हे गणित बऱ्या वाटेचं आणि दमदार पायांचं. मुळं, धोंडे आणि कातळटप्पे असले की त्यात निम्म्याची भर घाला, असं तुम्ही बजावलंत. झाले ५ तास ६ मिनिटं. थांबे धरून ६ तास.

आणि चढ कसा मोजायचा, हेही समजावलंत. पायथा आणि माथा यांच्या उंचीतला फरक धरून बहुतेक जण फसतात. वाट मधेच ओढ्यात उतरून पुन्हा वर येत असेल, तर तो चढही मोजावा लागतो. नकाशावर बोट फिरवत, वर जाताना ओलांडलेली प्रत्येक समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ) मोजायची.

सकाळी ८ ला निघायचं आणि साडेअकराला जिथे असू तिथून मागे फिरायचं, हे तुम्ही चौकटीत लिहिलंत. माथा समोर दिसत असला तरीही. उतारावर वेळ भरून काढू, हा हिशोब खडकाळ वाटेवर चुकतो: गुडघे थकलेले असतात, प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं. त्यात दाट झाडीखाली सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी अंधारून येतं.

उताराबद्दल तुम्ही जितकं बारकाईनं लिहिलंत तितकं फार कमी लोक लिहितात. उतरण्याआधी बसायचं, टाच बुटात मागे सरकवायची आणि घोट्याजवळची नाडी आवळायची. नाहीतर पाय पुढे सरकून बोटं बुटाच्या टोकावर आदळत राहतात आणि नखं काळी पडतात. ओल्या मुळावर पाय ठेवायचा नाही, ते ओलांडायचं. साल झिजलेलं तिरकं मूळ शेवाळलेल्या दगडाइतकंच दगा देतं. पाचोळ्यात आधी काठी टोचायची, कारण खाली दोन धोंड्यांमधली फट असते आणि घोटा मुरगळतो तो तिथेच. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, कुणाच्या थेट खाली उभं राहायचं नाही. टाचेला चुरचुरायला लागलं की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर उशीर झालेला असतो.

पाण्याचं माप सोपं: माणशी तासाला अर्धा लिटर, म्हणजे ६ तासांना ३ लिटर. ऊन असेल तर जास्त.

कातळावर पायवाट उमटत नाही, म्हणून वाट चुकते ती बहुधा तिथेच. अपेक्षेइतकं चालूनही पुढची खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपाशी परत यायचं, अंदाजाने पुढे जायचं नाही, हा तुमचा नियम आम्ही पाठच केला आहे. फोनचंही तसंच. रेंज शोधण्यात बॅटरी संपते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घेऊन फोन विमान मोडवर ठेवायचा. जीपीएस त्यातही चालतं.

घरी ठेवायच्या चिठ्ठीचा नमुना दिलात, त्याचे तर विशेष आभार. कोण कोण गेलंय, कोणत्या वाटेनं, परत कधी येणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची. हा शेवटचा आकडा नसला की घरचे ताटकळत बसतात आणि शोध उशिरा सुरू होतो. शेजारीच मदत मागायची शिट्टीची खूण लिहिलीत: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

तुमच्या कागदात आम्ही एकच बदल केला आहे. 'जमल्यास' या रकान्यातला डोक्याचा टॉर्च 'हवाच' मध्ये घेतला आहे, माणशी एक, जादा सेलसकट. उतारावर दोन्ही हात मोकळे लागतात. चालेल ना?

आपले,
तुमचा कागद सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवणारे आम्ही सगळे