पॉलिस्टर म्हणून विकलेला नायलॉनचा टार्प आणि नाकारलेली वॉरंटी

दिनांक ४ ऑगस्ट

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

जूनमध्ये तुमच्याकडून मागवलेल्या षटकोनी हॅमॉक टार्पबद्दल (झाडांना टांगलेल्या झोळीवर पावसापासून आडोसा म्हणून बांधायचे कापड, ३४० × ३०० सेंमी) ही आमची दुसरी तक्रार आहे. पहिलीला तुमचे तीन ओळींचे उत्तर आले: टार्प चुकीचा बांधला, गरजेपेक्षा जास्त ताणला आणि त्यात बदल केले, म्हणून वॉरंटी लागू नाही. यातले एकही कारण आम्हाला मान्य नाही. टार्प न पाहताच हे उत्तर दिलेले आहे, म्हणून या वेळी सगळी मापे लिहून पाठवत आहोत.

आधी बांधणी. टार्प सत्तरीतल्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, साडेचार मीटर अंतरावरच्या दोन फणसांना बांधला होता. पोफळी वाऱ्याने डोलतात, त्यांना एकही दोरी नव्हती. हॅमॉक ३३५ सेंमीचा, त्याची रिजलाइन, म्हणजे दोन टोकांमधली ताठ दोरी, हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्क्यांच्या हिशेबाने २७८ सेंमी. तो मधोमध टांगल्यावर टार्पचे कापड दोन्ही टोकांना ३१ सेंमी जास्त उरते, आणि आषाढातली झड आत येऊ नये म्हणून तेवढे लागतेच. टार्पची रिजलाइन वेगळी, ३ मिमीची, झाडापासून झाडापर्यंत सलग आणि कापडाच्या खालून नेलेली. एका झाडाला बोलाइन (न सरकणाऱ्या फासाची गाठ) आणि दुसऱ्याला ट्रकवाले माल आवळायला मारतात ती गाठ. टार्पची दोन्ही टोके २ मिमी दोरीच्या, तीन वेढ्यांच्या प्रुसिक गाठींना अडकवलेली; ही गाठ हाताने सरकते, पण ओढ बसली की दोरी घट्ट धरते. या बांधणीत झाडांमधला सगळा ताण दोरी घेते. कापडाच्या वाट्याला प्रुसिक हाताने सरकवावी तेवढाच ताण येतो. त्यामुळे 'जास्त ताणला' हे म्हणणे टिकत नाही.

आता दोष. पहिल्याच पावसात दोन तासांत टार्पला झोळ पडला. दोऱ्या पुन्हा आवळल्या, पुन्हा झोळ. माथ्याच्या शिवणीलगत मोजले तेव्हा कोरडे ३४० सेंमी असलेले कापड ओले झाल्यावर ३४९ भरले. शेजारीच एक जुना पॉलिस्टरचा टार्प तशाच दोऱ्यांवर बांधला होता, तो रात्रभर ताठ राहिला. पाणी पिऊन लांबणे हा नायलॉनचा गुण आहे. पॉलिस्टर जवळजवळ लांबत नाही. तुमच्या वर्णनात आणि लेबलवर मात्र 'शंभर टक्के पॉलिस्टर' असे छापले आहे.

केवळ मोजमापावर विसंबू नये म्हणून आणखी एक चाचणी केली. टार्पसोबत आलेली पिशवी त्याच कापडाची आहे. तिच्या आतल्या काठाचे सुटे धागे फॉर्मिक अ‍ॅसिडमध्ये टाकले. रबराचा चीक गोठवायला बागायतदार हेच अ‍ॅसिड वापरतात, पण ते पाणी घालून. आम्ही तीव्रच घेतले. नायलॉन त्यात विरघळतो, पॉलिस्टरला काही होत नाही. धागे काही मिनिटांत विरघळले, कापडावरच्या लेपाची पातळ साल तेवढी उरली. हातमोजे आणि चष्मा घालून तुमच्या कारखान्यातही ही चाचणी पाच मिनिटांत होईल. ती करावी आणि निकाल लेखी कळवावा.

दुसरा दोष माथ्याच्या शिवणीचा, आणि गळती तिथूनच आहे. कापडाबद्दल मात्र खरे ते सांगायला हवे: त्यातून थेंबही झिरपला नाही. पण माथ्याच्या शिवणीवर आतून लावलेली टेप जवळपास ७० सेंमी सुटून लोंबत होती आणि सुईच्या भोकांतून पाणी सरळ हॅमॉकमध्ये पडत होते. कारण शोधायला कठीण नव्हते. शिवणीवर लावायची ही टेप (सीम टेप) पॉलियुरेथेनच्या लेपावर धरते. या कापडाला दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप आहे. साधी चिकटपट्टी लावून पाहा, दोन्हीकडून विनासायास निघून येते. सिलिकॉनवर सिलिकॉनखेरीज दुसरे काही धड चिकटत नाही. त्यात कापड ओले झाले की लांबते आणि सुकले की आखडते, टेप मात्र तेवढीच राहते. रोजच्या या ओढाताणीत ती सुटणारच होती. म्हणजे चुकीचे कापड आणि चुकीची टेप हे दोन दोष एकमेकांना धरून आहेत. असाच दुसरा टार्प ग्राहकाने कितीही जपून बांधला तरी त्याचे हेच होईल.

तुम्ही ज्याला 'बदल' म्हणता ते दोन्ही बाजूंच्या मध्यावर लावलेले, कापड बाहेर ओढून धरणारे दोन ओढबंद आहेत. ते नसतील तर वाऱ्याने कापड अंगावर येते. तुमच्या माहितीपत्रकात यासाठी 'हवे तिथे आयलेट ठोका' (म्हणजे भोक पाडून धातूची कडी बसवा) असा सल्ला दिला आहे. तो आम्ही पाळला नाही, आणि कुणीही पाळू नये. एवढ्या पातळ कापडात आयलेट ठोकले की त्या भोकाच्या कडेपासूनच कापड फाटत जाते. आम्ही कापडाला सुई लावलेली नाही. सिलिकॉन लेपाच्या कापडाची १० सेंमी व्यासाची गोल ठिगळे कापली, त्यांना आधीच फितीची कडी शिवली, दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, सिलिकॉन सीलंटने ठिगळे चिकटवली आणि २४ तास वजनाखाली ठेवली. ती आजही जागेवर आहेत. गळती त्यांच्यापासून दूर, माथ्यावर आहे. या ठिगळांचा त्या शिवणीशी काय संबंध, हे तुम्ही सांगावे.

खुंट्यांबद्दल थोडक्यात: १८ सेंमीच्या आकड्याच्या खुंट्या जांभ्या दगडात वाकतात आणि कुळागराच्या चिखलात उपटून येतात. आम्ही ३० सेंमीच्या लाकडी खुंट्या वापरल्या. याची भरपाई आम्ही मागत नाही.

माथ्याची शिवण घरीही बुजवता येते. एक भाग सिलिकॉनमध्ये दोन-तीन भाग मिनरल टर्पेंटाइन घालून पातळ करायचे आणि टेप काढून ब्रशने दोन्ही बाजूंनी शिवणीत जिरवायचे. ते आम्ही मुद्दाम केलेले नाही, कारण मग हाही 'बदल' ठरला असता. टार्प आहे तसाच, सुटलेल्या टेपसह ठेवला आहे. बिल, मोजमापांची छायाचित्रे आणि चाचणीचे चित्रीकरण सोबत पाठवत आहोत.

आमची मागणी अशी. लेबलप्रमाणे खरोखरच पॉलिस्टरचा, माथ्याची शिवण सिलिकॉनने बुजवलेला टार्प बदलून द्यावा, किंवा टपालखर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. जुना टार्प नेण्याचा खर्च तुमचा. विक्रीच्या पानावरचा 'पॉलिस्टर' हा उल्लेख दुरुस्त करावा आणि माहितीपत्रकातला आयलेटचा सल्ला काढून टाकावा. याच उत्पादन-गटातले (बॅचमधले) टार्प घेतलेल्या इतर ग्राहकांनाही कळवावे. भर पावसात, रात्री, रानात शिवण सुटली तर माणूस गारठतो.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवू आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार उत्तर गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे बिलावर छापलेली 'न्यायक्षेत्र कंपनीच्या शहरापुरते' ही ओळ आम्हाला अडवू शकणार नाही.

कळावे,

आपले ग्राहक,
वाळपई, सत्तरी, गोवा