चांदण्यातला ब्लॅकआऊट

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय दिनू,

भूजच्या बॉम्बहल्ल्यांचं तू फोनवर विचारलंस आणि मी विषय बदलला. असलं काही फोनवर धड सांगता येत नाही, लेका. म्हणून हे पत्र.

१९७१ साली वडील हवाई दलात, आम्ही भूजमध्ये भाड्याच्या घरात. ३ डिसेंबरला अमृतसर, पठाणकोटपासून आमच्या भूजपर्यंतच्या विमानतळांवर पाकिस्तानी विमानं आली. तयारी आधीपासून होती. काचांना खाकी कागद, अंगणात खंदक, कानात कोंबायला कापूस. सायरन वर-खाली होत वाजला की खंदकात, एकसुरी वाजला की बाहेर. आत पालथं पडायचं, पण छाती जमिनीला टेकवायची नाही, कोपरांवर उचलून धरायची. हादरा छातीत जातो म्हणे.

आता गंमत ऐक. दत्तजयंती नुकतीच झालेली. अख्ख्या गावानं दिवे मालवलेले आणि डोक्यावर हा भलाथोरला चंद्र! शेजारचे काका लोकांना विड्या विझवायला लावत फिरायचे आणि अंगणात पडलेली सुई सापडावी एवढं चांदणं. आई म्हणायची, "ह्याला कोण मालवणार?"

खरं सांगतो, आम्हा पोरांना भीती वाटायची नाही. विमानविरोधी तोफा सुरू झाल्या की लाल ठिपक्यांची रांग आभाळात चढायची, आम्ही माना वर काढून बघायचो, आई केसांना धरून खाली ओढायची. स्फोट आधी पोटाखालच्या मातीत कळायचा, आवाज मागनं यायचा.

धावपट्टी उखडली, तेव्हा भूजशेजारच्या माधापर गावच्या सुमारे ३०० बायकांनी ती ७२ तासांत दुरुस्त केली. सायरन झाला की झुडपांत लपायच्या, नंतर पुन्हा कामाला. वरनं दिसू नये म्हणून धावपट्टीवर शेणाचा थर दिला होता. आईनं हे ऐकलं आणि म्हणाली, "धावपट्टी सारवली म्हण की!" तिला त्याचं भारी कौतुक. पुढं कितीतरी वर्षं येईल त्या पाहुण्याला ती हे ऐकवायची.

युद्ध संपलं, आम्ही आजोळी आलो. पुढचं तुला ठाऊक आहेच. पहिल्याच सकाळी शाहू मिलचा भोंगा झाला आणि मी अंथरुणातनं उठून सरळ पलंगाखाली, कोपरांवर छाती उचलून. भूजमध्ये राहिलेली भीती ती तिथं निघाली. मामी समजूत घालत होती आणि तू दारात उभा राहून पोट धरून हसत होतास. दुपारपर्यंत सगळ्या तालमीला कळलं होतं!

नातवाला हे सांगशील तेव्हा तुझं हसणंही सांग बरं का. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू