तुलूझहून नानांना पत्र : एका खटल्याची गोष्ट

तुलूझ, फ्रान्स

ती. नाना आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत. आईचा गोडा मसाला पोचला, बरणी शाबूत होती. लेक आता शाळेतून आली की माझ्याशीही फ्रेंचच बोलते. मी मराठीतच उत्तर देते, मग नाइलाजाने वळते मराठीकडे.

नाना, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, राजा आणि चर्च यांच्या मुठीत शतकानुशतकं राहिलेले हे लोक एकदम बुद्धीच्या गोष्टी कसे करू लागले? देकार्त, न्यूटन अशी नावं सांगून मोकळं होता आलं असतं. पण तुमची सगळी नोकरी साताऱ्याच्या कोर्टात गेली, तेव्हा तुम्हाला खटलाच सांगावा. तो याच गावातला आहे, आणि माझ्या मते उत्तर त्याच्यातच आहे.

तारीख १३ ऑक्टोबर १७६१. आपल्याकडे पानिपत झालं तेच वर्ष. ज्याँ कालास हा साठी ओलांडलेला कापडव्यापारी फिलातिये गल्लीत राहायचा. दुकान खाली, बिऱ्हाड वर. हे कुटुंब प्रोटेस्टंट, आणि १६८५ पासून फ्रान्समध्ये तो पंथ बेकायदा. थोरला मुलगा मार्क-अँत्वान कायदा शिकला होता, पण कॅथलिक असल्याचा दाखला नाही म्हणून वकिली करता येईना. त्या रात्री जेवण झाल्यावर तो खाली गेला आणि नंतर दुकानात मेलेला सापडला.

बाहेर गर्दी जमली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, पोरगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच मारला. बस्स. नगराधिकाऱ्याने जागेचा पंचनामासुद्धा धड न करता घरातल्या सगळ्यांना, जेवायला आलेल्या पाहुण्यासकट, उचलून नेलं. घरच्यांनी आधी खून झाल्याचं सांगितलं, मागाहून गळफासाचं. कारण आत्महत्या केलेल्याचं प्रेत तेव्हा रस्त्यातून फरफटत न्यायचे. ती विटंबना टाळायची होती. जबाब बदलला म्हणजे संशय आला, हे तुम्हाला मी काय सांगायचं! इकडे मुलाला मात्र धर्मासाठी मेलेला ठरवून थाटामाटात कॅथलिक पद्धतीने पुरलं.

आता खटल्याची रीत ऐका. चौकशी बंद दाराआड, आरोपीला वकील नाही, निकालाला कारणं द्यायची नाहीत. पुराव्याचा तर हिशेब असायचा. अर्धा पुरावा, पाव पुरावा, आणि इथल्या कोर्टात त्याहूनही लहान तुकडे. चार आणे, दोन आणे जोडत रुपया करावा तसं ऐकीव गोष्टींचे तुकडे जोडून माणसाचा जीव घ्यायचा. कमी पडलं तर यातना देऊन कबुली काढायची; तीही कायदेशीर. ९ मार्च १७६२ रोजी १३ पैकी ८ न्यायाधीशांनी कालासला शिक्षा दिली. दुसऱ्या दिवशी त्याला ताणलं, तोंडात पाणी ओतलं, पण त्याने काही कबूल केलं नाही. मग सँ-जॉर्ज चौकात चाकावर त्याची हाडं मोडली. दोन तासांनी गळा आवळला, मग जाळलं. शेवटपर्यंत तो म्हणत होता, मी निर्दोष आहे. त्या चौकात आता कॅफेंच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. मीही बसते तिथे, काय करणार.

मग न्यायाधीशांपुढे पेच पडला. म्हातारा कबुली न देता मेला. बाकीच्यांचं काय? एका मुलाला हद्दपार केलं आणि बायको, पाहुणा, मोलकरीण यांना सोडून दिलं. इथेच लेखक व्हॉल्टेअरने बोट ठेवलं. तो तेव्हा जिनिव्हाजवळ राहायचा, वय ६७, सगळ्या युरोपात नाव. थकल्या म्हाताऱ्याने अठ्ठावीस वर्षांच्या धडधाकट मुलाला एकट्याने लटकवलं कसं? मारलं असेल तर सगळ्यांनी मिळून, नाही तर कुणीच नाही. साधा तर्क आहे, नाना. साताऱ्याच्या कोर्टातला नवशिका वकीलही हे बोलला असता. पण तुलूझमध्ये ते बोलायची जागाच नव्हती.

ती जागा व्हॉल्टेअरने बाहेर तयार केली, आणि मला मोठी वाटते ती हीच गोष्ट. त्याने आधी कालासच्या धाकट्या मुलाला बोलावून खोदून खोदून विचारलं. मग मंत्र्यांना, सरदारांच्या बायकांना, ओळखीच्या प्रत्येकाला पत्रं. पत्रकं. विधवेला पॅरिसला पाठवलं, नामांकित वकील दिले. छापील मजकुरावर राजाची सेन्सॉरशिप होती, पण वकिलाच्या सहीचं निवेदन तिच्यातून सुटायचं. म्हणून ती निवेदनं छापून बाहेर पडली आणि लोक कादंबरीसारखी वाचू लागले. कुटुंबाचं चित्र छापून वर्गणीने विकलं, पैसे विधवेला. १७६३ मध्ये व्हॉल्टेअरचं सहिष्णुतेवरचं पुस्तक आलं. त्याच वर्षी राजाच्या मंडळाने तुलूझकडून कागदपत्रं मागवली, १७६४ मध्ये निकाल रद्द केला, आणि ९ मार्च १७६५ रोजी, शिक्षेला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, ४० न्यायाधीशांनी एकमताने कालासला निर्दोष ठरवलं. राजाने कुटुंबाला ३६,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिले. तुलूझच्या न्यायाधीशांनी मात्र शेवटपर्यंत मान तुकवली नाही.

तुम्ही म्हणाल, आपले रामशास्त्री त्याच काळातले, माहुलीचे, साताऱ्याच्या वेशीवरचे. खरं आहे, आणि ते व्हॉल्टेअरपेक्षा मला जास्त आवडतात. पण रामशास्त्री निघून गेल्यावर पेशव्यांच्या दरबारात काय उरलं? इथे लोकांच्या ध्यानात आलं, की दर वेळी रामशास्त्री मिळणार नाही, तेव्हा सामान्य न्यायाधीशालाही चुकीचं वागणं अवघड जाईल अशी रीत हवी.

१७६४ मध्ये मिलानच्या बेक्कारियाने, वय अवघं सव्वीस, गुन्हे आणि शिक्षा यांवर छोटंसं पुस्तक लिहिलं. यातनांनी खरं कळत नाही. धट्टाकट्टा गुन्हेगार सुटतो आणि दुबळा निरपराध अडकतो, हे त्याचं म्हणणं. फ्रान्समध्ये कबुलीसाठीच्या यातना १७८० मध्ये बंद झाल्या, ऑस्ट्रियात त्याआधी १७७६ मध्ये. इटलीतल्या तोस्काना संस्थानाने १७८६ मध्ये फाशीच रद्द केली. १७८७ मध्ये सोळाव्या लुईने प्रोटेस्टंटांना लग्न आणि जन्म नोंदवायचा हक्क दिला. म्हणजे तोवर त्यांची पोरं कायद्याने अनौरस! १७८९ च्या हक्कांच्या जाहीरनाम्यात नववं कलम असं, की दोषी ठरेपर्यंत प्रत्येक माणूस निर्दोष. ते वाचताना मला कालासची आठवण येतेच.

पण आरती ओवाळू नये. आमच्या दारातली गारोन नदी पुढे बोर्दोला जाते. त्या शतकात तिथून आफ्रिकेकडे जहाजं निघायची, आणि आफ्रिकेतली माणसं साखरेच्या मळ्यांवर विकली जायची. हक्कांची भाषा बोलणाऱ्या बऱ्याच शहाण्यांच्या कपातली साखर तीच. फ्रान्सने गुलामगिरी १७९४ मध्ये रद्द केली, नेपोलियनने १८०२ मध्ये पुन्हा आणली, सुटका १८४८ मध्ये. बायकांचं तर विचारू नकोस आई. इथून तासाभरावर मोंतोबाँ आहे, तिथली लेखिका ओलँप द गूझ. तिने १७९१ मध्ये बायकांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. बाईला वधस्तंभावर चढायचा हक्क असेल तर व्यासपीठावर चढायचाही हवा, असं तिचं म्हणणं. १७९३ मध्ये क्रांतीवाल्यांनी तिला पहिला हक्क दिला. मत द्यायला इथल्या बायकांना १९४५ उजाडलं.

आणि हो, याचा एक धागा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. फ्रान्सच्या क्रांतीची बाजू घेत थॉमस पेन या इंग्रज लेखकाने १७९१ मध्ये ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिलं. फ्रेंचांनी त्याला आपल्या संसदेत निवडून नेलं, मग तुरुंगातही टाकलं. तेच पुस्तक पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं. त्यांचं मूळ गाव कटगुण, आपलंच. गुलामांचा प्रश्न पॅरिसच्या कितीतरी पंडितांपेक्षा जोतीरावांना लवकर कळला, असं मला वाटतं. भोगलेल्याला कळतंच.

नाना, आता तुम्ही मला एक सांगा. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात धरायची नाही, हे आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यातलं पंचविसावं कलम होतं, २०२४ मध्ये तो कायदा बदलेपर्यंत. तुमच्या वेळी ते कितपत पाळलं जायचं? कबुली नाही, पण ‘आरोपीने दाखवलेल्या जागेवरून’ वस्तू सापडली, असे पंचनामे तुम्ही किती पाहिलेत? फोनवर नको, लिहूनच पाठवा. वेळ लागला तरी चालेल.

गुडघ्याचं तेल पुढच्या आठवड्यात येणाऱ्या मंडळींबरोबर देते. बाळूकाकांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
सुधा