मेटल डिटेक्टर घेण्याआधी वाळू पाहा

संपादक महोदय,

हौशी मेटल डिटेक्टरच्या जाहिराती हल्ली मोबाइलवर वारंवार दिसतात. किनाऱ्यावर कोणी यंत्र फिरवतो, बीप वाजतो आणि वाळूतून चकचकीत नाणे निघते, एवढाच त्यांचा आशय असतो. दहावीची परीक्षा संपल्यावर माझ्या नातवाने याच यंत्राचा हट्ट धरला आणि मी त्याला आठ हजार रुपयांचे एक यंत्र ऑनलाइन मागवून दिले. चाळीस वर्षे मोटार वाइंडिंगच्या कामात काढलेल्या, म्हणजे जन्मभर तांब्याच्या तारेची वेटोळी हाताळलेल्या माणसाने, तारेच्या वेटोळ्यावरच चालणारे हे यंत्र खोक्यावरचे चित्र पाहून घ्यावे याची मला आजही लाज वाटते. त्या खरेदीतून आणि नंतरच्या खटपटीतून जे कळले, ते पहिल्यांदाच यंत्र घेऊ पाहणाऱ्या आणि खिशाला मर्यादा असलेल्या मुंबईकर वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

पहिल्याच रविवारी पहाटे आम्ही जुहूला गेलो. वरच्या कोरड्या वाळूत यंत्र बरे चालले. अर्ध्या तासात सोड्याच्या बाटलीची दोन बुचे, एक खिळा आणि छत्रीची काडी मिळाली आणि नातू त्यावरही खूश झाला. ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर पाऊल टाकताच मात्र यंत्राने जो आक्रोश मांडला तो थांबेना. खाली काही असो वा नसो, कॉइल, म्हणजे दांडीच्या टोकाची वेटोळ्यांची चकती, हलली की बीप. सेन्सिटिव्हिटीचे बटण कमी करत करत तळाला नेले तेव्हा ते गप्प झाले; पण मग माझ्या बोटातली अंगठी वाळूत वीतभर पुरून वरून कॉइल फिरवली तरीही ते गप्पच राहिले. विक्रेत्याचे म्हणणे असे पडले की यंत्रात दोष नाही आणि खोके फोडल्यावर माल परत घेतला जात नाही. यातले दुसरे विधान मला मान्य नव्हते, पहिले मात्र खरे होते.

यंत्र बिघडलेले नव्हते, ते त्या जागेसाठी केलेलेच नव्हते. कॉइलमधील एका वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्या प्रवाहांचा क्षीण प्रतिसाद दुसरे वेटोळे टिपते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने त्याने भिजलेली वाळू यंत्राला धातूसारखीच भासते. आपल्याकडे त्यात आणखी एक भर आहे. कोकणपट्टीचा मूळ पाषाण बहुतांशी बेसाल्ट, आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते. आक्साच्या किंवा वर्सोव्याच्या वाळूतल्या एखाद्या काळ्या पट्ट्यातून साधे चुंबक ओढून पाहावे. त्याला मिशा फुटाव्यात तसे काळे कण चिकटतात. मीठ यंत्राला एका प्रकारे फसवते, हे लोहकण दुसऱ्या प्रकारे. जमिनीचा परिणाम वजा करण्याची सोय, जिला ग्राउंड बॅलन्स म्हणतात, ती एकाच वारंवारतेवर, म्हणजे प्रवाहाची दिशा बदलण्याच्या एकाच ठरलेल्या गतीवर, चालणाऱ्या यंत्रात असली तरी या दोघांपैकी एकाशी जुळवून घेतले की दुसरा उसळतो. माझ्या स्वस्त यंत्रात तर ती कारखान्यातच कायमची बसवून टाकलेली होती.

म्हणून ‘किती खोल शोधते’ हे विक्रेत्याला विचारण्यापूर्वी ‘आपण हे फिरवणार कुठे’ हे स्वतःला विचारावे. गावाकडच्या शेतात, मैदानात किंवा चौपाटीच्या कोरड्या वाळूत फिरायचे असेल तर एका वारंवारतेचे साधे यंत्र पुरते. गॅरेट या अमेरिकी कंपनीचे एस ३०० हे ८ किलोहर्ट्‌झवर चालते. तुर्कस्तानच्या नोक्ताचे सिंप्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्‌झवर चालते, ते ३ मीटर पाण्यातही टिकते आणि त्यात ग्राउंड बॅलन्स जागेप्रमाणे जुळवता येतो. ओल्या खाऱ्या वाळूसाठी मात्र एकाच वेळी अनेक वारंवारता वापरून त्यांच्या प्रतिसादांची तुलना करणारे यंत्र हवे, आणि त्या प्रकारात नवशिक्याला परवडेल असे नाव म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या माइनलॅबची व्हॅनक्विश मालिका. तिची कॉइल पाण्यात चालते, वरचा पडदा-बटणांचा डबा चालत नाही, हे लाटेत उतरण्यापूर्वी लक्षात ठेवावे. पल्स इंडक्शन, म्हणजे सलग प्रवाहाऐवजी प्रवाहाचे तुटक झटके सोडणारा, हा आणखी एक प्रकार मीठ आणि काळी वाळू दोन्ही सहन करतो, पण लोखंड कोणते आणि सोने कोणते हे त्याला नीट सांगता येत नाही. आपल्या किनाऱ्यांवरचे खिळे-तारांचे प्रमाण पाहता तो पहिल्या खरेदीसाठी मी सुचवणार नाही. परदेशातून येणारी ही यंत्रे सीमाशुल्क आणि वाहतूक धरून आपल्याकडे बरीच महाग पडतात, हे खरे आहे. तरीही माझे मत असे की पैसे कमी असतील तर ओल्या वाळूचा मोह सोडून कोरड्या वाळूसाठी चांगले, साधे यंत्र घ्यावे. माणसे भेळ खायला बसतात, मुलांना खेळवतात आणि खिशातली किल्ली, कानातली कुडी हरवतात ती बहुधा त्याच वाळूत.

खोलीच्या आकड्यांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण गिऱ्हाईक त्यांनाच भुलते. क्षेत्र खाली जाताना विरळ होते आणि प्रतिसाद वर येतानाही विरळ होतो, त्यामुळे नाण्याएवढ्या वस्तूचे अंतर दुप्पट झाले की तिचा प्रतिसाद सुमारे चौसष्टाव्या हिश्शावर येतो. या हिशेबापुढे कोणत्याही कंपनीची चतुराई फार चालत नाही. नवशिक्याच्या यंत्राला रुपयाएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत सापडली तर ते उत्तम समजावे. खोक्यावर छापलेले ‘तीन मीटर’ हे फार तर पत्र्याच्या पेटीएवढ्या वस्तूसाठी असतात.

परदेशी यंत्रांची आणखी एक गोम मला घरातल्या चिल्लरीने शिकवली. त्यांच्या पडद्यावर नाणी ओळखण्याची जी पट्टी असते ती बहुधा डॉलर-सेंटसारख्या परदेशी नाण्यांवरून ठरवलेली असते. मी यंत्र ‘लोखंड वगळा’ या सेटिंगवर ठेवले आणि एकेक नाणे कॉइलसमोरून नेले. जुने कंगोऱ्याचे दहा पैशांचे नाणे ॲल्युमिनियमचे, ते लगेच बोलले. निकेल-तांब्याचे जुने मोठे रुपयाचे नाणेही बोलले. आजचा रुपया आणि दोन रुपये मात्र यंत्राच्या लेखी जवळजवळ अस्तित्वातच नव्हते, कारण ते चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे आहेत. या नाण्यांसाठी पुलाखाली दोरीला चुंबक बांधून बसणारी मुले माझ्यापेक्षा शहाणी म्हणायची. याच्या उलट गैरसमज सोन्याचा आहे. पातळ अंगठीचा प्रतिसाद चॉकलेटच्या चांदीसारख्या कागदाच्या किंवा शीतपेयाच्या डब्याच्या कडीच्या आसपास पडतो. कचरा नको म्हणून पडद्यावरच्या पट्टीचा तो भाग बंद केला की अंगठीही गेली. तेव्हा सुरुवातीला फक्त लोखंड वगळावे, बाकी सगळे उकरावे. अनंत चतुर्दशीनंतरच्या पंधरवड्यात मात्र चौपाटीवर यंत्र नेऊच नये, मखरांच्या तारा आणि बारीक खिळे उकरण्यातच दिवस जातो.

दुसऱ्या हाताचे यंत्र घेणे यात कमीपणा नाही. माझे सध्याचे यंत्र तसेच घेतलेले आहे. ते पाहताना बॅटरीच्या कप्प्यात हिरवट बुरशीसारखा थर आहे का ते बघावे, कारण गळलेल्या सेलने पट्ट्या खाल्लेल्या असतात. यंत्र चालू करून कॉइल हवेत धरावी, हलकेच टिचकी मारावी आणि कॉइलजवळची केबल बोटाने हलवावी. जवळ धातू नसताना बीप आला तर तार आतून तुटत आली आहे असे समजावे. ही परीक्षा विकणाऱ्याच्या घरात, फरशीवर कॉइल टेकवून करू नये. खाली स्लॅबमध्ये सळया असतात आणि यंत्र त्यांच्यावरच ओरडत राहते. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने असेच उपकरण त्यांच्यावरून फिरवले, पण गोळी सापडली नाही. त्यांच्या गादीत पोलादी तारा होत्या हे बेलला नंतर समजले. आपल्या इमारतींत गादी साधी असली तरी स्लॅब आहेच.

हातातली सगळी रक्कम यंत्रावर घालवू नये. लाटांच्या आणि माणसांच्या आवाजात मंद बीप ऐकू येत नाही, तेव्हा हेडफोन हवाच. वाळूत नेमकी जागा सांगणारा छोटा पिनपॉइंटर सोयीचा खरा, पण तो नसला तरी अडत नाही. आम्ही एक प्लास्टिकचे घमेले आणि प्लास्टिकची चाळणी नेतो. बीप आला तिथली वाळू घमेल्यात घ्यायची, खड्ड्यावरून पुन्हा कॉइल फिरवायची. तो गप्प झाला असेल तर वस्तू घमेल्यात आली. मग त्यातली अर्धी वाळू चाळणीत घेऊन कॉइलवरून न्यायची, बोलली तर तिचीच पुन्हा अर्धी. पाच-सहा वेळांत मूठभर वाळू उरते आणि वस्तू हाती येते. खर्च दीडशे रुपये. खड्डा मात्र तिथल्या तिथे बुजवावा. पहाटे अनवाणी धावणाऱ्यांचा पाय त्यात मुरगळतो.

‘शंभर मीटरवरून सोने दाखवणारे’ म्हणून विकले जाणारे, पुढे फिरती दांडी असलेले प्रकार मेटल डिटेक्टर नव्हेत. गोल्फचे चेंडू शोधण्याच्या खेळण्यावरून असेच ‘स्फोटकशोधक’ बनवून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिक या ब्रिटिश व्यावसायिकाला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. एवढे सांगितले म्हणजे पुरे.

यंत्र हाती आले की अनेकांना गड-किल्ले आठवतात, आणि शिवराईचे जुने नाणे सापडेल या आशेने ते तिकडे वळतात. हे करू नये, असे मी अगदी स्पष्टपणे लिहितो. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवानगीशिवाय उत्खनन करणे १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने गुन्हा आहे. मग तो वसईचा किल्ला असो, सोपाऱ्याचा स्तूप असो किंवा २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेला रायगड. जागेवरून उचललेले नाणे कोणत्या थरात, कशाशेजारी होते हे कायमचे पुसले जाते आणि अभ्यासकाला त्या नाण्याचा निम्माही उपयोग उरत नाही. अन्यत्रही, जमिनीत दडवलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातले आहे, आणि न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चौपाटीवर सापडलेली कोणाची अंगठी हा असा ठेवा नव्हे, पण मालकाचा शोध घेण्याचा प्रयत्न न करता ती वापरणे हाही गुन्हाच ठरतो. आम्हाला आजवर दोन अंगठ्या मिळाल्या, दोन्ही जवळच्या पोलीस चौकीत देऊन पोच घेतली. गस्तीवरचे पोलीस सुरुवातीला हटकत, आता ‘आज काय मिळाले’ असे विचारतात.

ते आठ हजारांचे यंत्र मी विकलेले नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या आवारात पाणी तुंबले. पेव्हर ब्लॉक बसवताना ठेकेदाराने गटाराच्या चेंबरचे बिडाचे झाकण नेमके कुठे गाडले, हे कोणालाच आठवेना. कामगार तीन ठिकाणी फोडायला निघाले होते. नातवाने ते यंत्र आणून आवारात आडवेतिडवे फिरवले आणि दहा मिनिटांत तुळशी वृंदावनाच्या उजवीकडे खडूने एक गोल काढून दिला. झाकण त्या गोलाखालीच निघाले.

आपला नम्र,
एक निवृत्त वाइंडिंग कारागीर,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई